छायाचित्राखालची ओळ

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते, ते आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. चित्रे चांगली होती. आपल्याच मित्रांनी मोबाईलवर काढलेली असूनही वृत्तपत्रात शोभावीत अशी चार-दोन तरी त्यांत होती. परंतु खालच्या पट्ट्या वाचत गेले तसतशी मी अस्वस्थ झाले. ‘वेदना’, ‘प्रतीक्षा’, ‘भूक’. ज्या म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्याला ‘वेदना’ म्हटले होते त्या आपल्या फाटकाबाहेर पेरू विकतात. त्यांना नेमकी कसली वेदना आहे, हे कोणी विचारले होते काय? काढणाऱ्याचे नाव मात्र वर्ग व रोल नंबरसह ठळक छापले होते.

माझा हा राग थोडा घरचाही आहे, म्हणून आधी घरचे सांगते.

२०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले त्या वर्षी, आमच्या वस्तीवर टँकर येत असे. मी तेव्हा चौथीत होते. एक दिवस एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार आले, अर्धा तास थांबले आणि गेले. दोन दिवसांनी तालुक्याहून कोणीतरी अंक आणून दिला. त्यात आमची आजी! हात वर केलेला, तोंड उघडे, पदर खांद्यावर घसरलेला. घरात वाचता येणारी मी एकटीच. सगळे भोवती बसले आणि मी बोट ठेवून वाचले, की पाण्याच्या थेंबासाठी एक वृद्धा टाहो फोडत आहे. आजी म्हणाली, “म्या कव्हा रडले गं? म्या तर भांडत व्हते.”

खरेच ती भांडत होती. आमच्या वस्तीची पाळी आली असता ड्रायव्हर नळी गुंडाळून निघाला होता, आणि आजी त्याला आडवी गेली होती. त्या दिवशी टँकर माघारी वळला तो तिच्या तोंडामुळे. मग तिने विचारले, “आन् माजं नाव?” नाव नव्हते. मी पुन्हा कागदाकडे पाहिले आणि तिचे नाव, गावासकट, छापल्यासारखे मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या आयुष्यातले ते पहिले संपादन! (नाव येथे देत नाही. विचारले, तर “कालेजच्या बुकात नगं” म्हणाली.)

आता यात कॅमेऱ्याचा काय दोष? सेकंदाच्या पाचशेव्या भागात रडणारे तोंड आणि भांडणारे तोंड सारखेच दिसते. दोहोंतला फरक दाखवायला खालची ओळ लागते. वृत्तपत्राच्या कचेरीत तिला फोटो-ओळ म्हणतात. छायाचित्रणाच्या गप्पा निघाल्या की आपण प्रकाश, कोन, क्षण यांवर तास घालवतो. ओळ मात्र नंतर कोणीतरी लिहील असे धरून चालतो. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेत असे चालत नाही. चित्रात कोण आहे, काय करीत आहे, कोठे व केव्हा, हे पहिल्या वाक्यात यावे लागते, पार्श्वभूमी दुसऱ्यात. म्हणजे छायाचित्रकाराला वही काढून माणसाशी बोलणे भागच पडते. माझ्या मते निम्मी कला त्या वहीत आहे.

मोठ्या माणसांचीही येथे चूक होते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग यांनी एका आईचे चित्र घेतले. त्या सरकारी पुनर्वसन खात्यासाठी काम करीत होत्या. माणसांचे बोलणे टिपून ठेवण्याबद्दल त्यांची ख्याती. पण त्या दिवशी त्यांनी बाईंचे नावच विचारले नाही. पोटासाठी गाडीचे टायर विकले, असे मात्र त्यांच्या लिखाणात आले. चित्र ‘स्थलांतरित आई’ म्हणून जगभर गेले. तळावर सुमारे नऊ टन अन्नसामग्री आली, हे मान्यच केले पाहिजे. पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. बाईंचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना १९७८ साली कळले. टायर विकल्याची गोष्ट त्यांच्या घरच्यांनी साफ नाकारली.

मग प्रत्येक चित्राखाली नाव घालावे काय? तसेही म्हणवत नाही. २००२ मध्ये अहमदाबादच्या दंगलीत अर्को दत्ता यांनी हात जोडून जिवाची याचना करणाऱ्या एका शिंप्याचे चित्र घेतले. त्या चित्रामुळे लोक त्याला जागोजागी ओळखू लागले. त्याचे काम सुटले, गाव सोडून त्याला कोलकात्याला जावे लागले. पुढे राजकीय पक्षांनीही ते चित्र त्याला न विचारता प्रचारात वापरले. दहा वर्षांनी दत्ता त्याला भेटले आणि झालेल्या त्रासाबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. त्या गृहस्थांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, तरी मी लिहीत नाही. नाव घालावे की गाळावे, हे चित्रातल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरत नाही, आणि दंगलीत विचारायला उसंत नसते, एवढेच मला समजते. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनाआधी मात्र पुष्कळ उसंत असते!

आमचा एक मित्र म्हणतो, “चित्र स्वतःच बोलते, ओळ कशाला?” चित्र बोलते खरे, पण ज्याच्या हाती जाईल त्याच्या भाषेत. आज तर चित्राच्या फाईलच्या आतच नाव, गाव, तारीख भरून ठेवता येते. पण तेच चित्र व्हॉट्‌सॲपवर नेहमीसारखे पाठवले की ती माहिती गळून पडते. मग चौथ्या गटात पोहोचेतो दुसऱ्याच कोणाची तरी ओळ त्याला चिकटलेली असते.

प्रदर्शन संपल्यावर मी पेरूवाल्या मावशींना ते चित्र मोबाईलवर दाखवले. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, “सकाळचं ऊन डोळ्यावर येतं बाई इथं.” वेदनेचे कारण हे! नंतर पेरू कापता कापता त्यांनी विचारले, “एक कागदावरचा काढून देईल का तो पोरगा?”

मी त्याला निरोप दिला होता. प्रत अजून आलेली नाही. तो हा अंक वाचेल अशी आशा आहे.