हवा सगळ्यांची, धूळ कोणाची?

"प्रदूषणाला जात नसते" म्हणणाऱ्यांनी हिवाळ्यात एकदा पहाटे मुंबईचा रस्ता झाडून पाहावा.

विज्ञान काय सांगते? उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर चढते आणि कण उंचावर विखुरतात. वाळवंटातली धूळ तर काही किलोमीटर वरून वाहत येते. पावसाळा बरेचसे कण धुऊन काढतो. हिवाळ्यात मात्र रात्री जमीन थंड होते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर-धूळ खालच्या थरात कोंडते. पहाटे हा थर सर्वांत उथळ असतो.

नेमक्या त्याच वेळी सफाई कामगार झाडू मारत असतो. तो बहुतांशी कोणत्या समाजाचा, हे सांगायला हवे का? १९२७ पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या देवनारला खेटून कोण राहते? जानेवारी २०१६ मध्ये तो कचरा पेटला, तेव्हा धूर आधी कोणाच्या घरात शिरला?

ऋतू निसर्ग ठरवतो. कामाची वेळ आणि वस्तीची जागा व्यवस्था ठरवते. म्हणून मित्रांनो, नुसत्या मास्कवर समाधान मानू नका. हिवाळ्यात झाडण्याची वेळ बदला, आधी पाणी मारा, हवा मोजणारी यंत्रे आमच्या वस्तीत लावा, ही मागणी करा. श्वास ही भीक नाही, हक्क आहे.

जय भीम!