न्यायाचे दार संकटातही उघडे हवे
28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक बहुमताने आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायाचे दार बंद केले. विरोध नोंदवला तो एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला; 2017 साली तो निकालही रद्दबातल ठरला.

परंतु कागदावरचा हक्क कष्टकऱ्याला पुरत नाही. 2020 च्या टाळेबंदीत न्यायालयांची सुनावणी पडद्यावर गेली. पायी गावाकडे निघालेल्या मजुरांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली ती 26 मे रोजी, तब्बल दोन महिन्यांनी!

म्हणून संकटकाळात अटकेची व उपासमारीची तक्रार साध्या पत्रावरही तत्काळ ऐकली जावी, मोफत वकील छावणीपर्यंत पोचावा. ही मागणी कामगार संघटनांनी व लोकशाहीवादी वकिलांनी एकजुटीने लावून धरली पाहिजे.