माहिती-तंत्रज्ञानाचे बदली कामगार

खारघरच्या इमारतींतून राहणाऱ्या संगणक-अभियंत्यांच्या तोंडून ‘कायम नोकरी’ हा शब्द आता क्वचितच ऐकू येतो. सहा महिन्यांचे कंत्राट, अकरा महिन्यांचे कंत्राट, ‘आधी कंत्राटावर या, काम पाहून पुढे कायम करू’ असे तोंडी आश्वासन. आणि हेही पदरात पडले तर नशीब थोर, अशी या सुशिक्षित वर्गाची अवस्था झाली आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता आणि सहा महिन्यांची नोकरी यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न सेक्टर ३६ मधल्या सोडतीच्या घरात जितका बोचतो तितकाच सेंट्रल पार्कलगतच्या मनोऱ्यातही बोचतो. यावर उद्योगपतींचे प्रवक्ते सांगतात की तरुणांत कौशल्य नाही. २०२३ साली एका नामवंत उद्योजकाने, नारायण मूर्तींनी, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असा उपदेश केला होता. काम करण्यास तयार असलेल्याला ते सत्तर तास कोणाच्या दारात मिळणार आणि किती महिने टिकणार, याचा खुलासा मात्र त्या उपदेशात नव्हता.

ही कंत्राटी भरती चालते कशी, हे नीट पाहिले पाहिजे. काम असते एखाद्या परदेशी बँकेचे. ते घेते एक बडी भारतीय कंपनी. ती माणसे मागते मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थेकडे, आणि ही संस्था पुष्कळदा आणखी एका लहान पुरवठादाराकडे. मुलाखत घेतो एक, नेमणूकपत्र देतो दुसरा, रोजचे काम सांगतो तिसरा आणि ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप येतो चौथ्याकडून. या साखळीतील प्रत्येक कडी आपापला वाटा कापून घेते. अभियंत्याच्या एका तासासाठी मूळ ग्राहक काय मोजतो, हा आकडा त्या अभियंत्याला सोडून बाकी सर्वांना ठाऊक असतो. त्याने नोकरी सोडायची तर साठ किंवा नव्वद दिवसांची सूचना द्यावी. ग्राहकाला माणूस नको झाला तर पंधरवडाही फार. अनेकांना तर नोकर न म्हणता ‘सल्लागार’ म्हटले जाते. हा मान फार महागात पडतो. व्यावसायिकाचे मानधन म्हणून दहा टक्के कर आधीच कापला जातो आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा या गोष्टींचे नावही निघत नाही. दोन कंत्राटांमध्ये चार महिने मोकळे गेले, तर पुढच्या मुलाखतीत त्याच मोकळ्या महिन्यांचा जाब विचारला जातो. ज्या व्यवस्थेने त्याला घरी बसविले, तीच त्याच्या घरी बसण्याचा संशय घेते!

गिरणगावात आयुष्य काढलेल्या माणसाला यात काहीच नवे वाटणार नाही. सकाळच्या पाळीला गिरणीच्या दारात बदली कामगारांचा घोळका उभा राही. कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. आजचा पुरवठादार इंग्रजी बोलतो आणि दारात उभे राहण्याचे काम दूरध्वनीवर होते, एवढाच काय तो फरक. किंबहुना आणखी एक फरक आहे आणि तो आजच्या काळाला लाजविणारा आहे. जॉबरच्या मनमानीला आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानेच बदली नियंत्रणाची योजना आणली आणि बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डे दिली. मालकांना कामगारांचा कळवळा आला होता असे नव्हे. पण परक्या राजवटीतला भांडवलदारही जी नोंद ठेवायला तयार झाला, ती आज स्वतंत्र देशातील सर्वात ‘आधुनिक’ म्हणविणाऱ्या उद्योगात नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: हे मजूर नव्हेत, गलेलठ्ठ पगार घेणारे व्यावसायिक आहेत. वस्तुस्थिती अशी की मोठ्या कंपन्यांत नव्या पदवीधराला मिळणारे वार्षिक वेतन गेली दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळत आहे. या काळात खारघरची घरभाडी रेंगाळली नाहीत. आणि कायद्याचे म्हणाल तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा माणूस धरला होता. खरी अडचण कायद्यात नव्हती, ती अभियंत्याच्या मनात होती. गळ्यात ओळखपत्राची फीत आली की आपण कामगार राहिलो नाही, असा त्याने समज करून घेतला. मालकवर्गाला याहून सोयीचा समज दुसरा कोणता असणार?

तो समज आता फुटू लागला आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले अनुभवी लोक प्रामुख्याने होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकी अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले आणि बाहेरची वाटही अरुंद केली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा बागुलबुवा तर रोजच दाखविला जातो. यंत्र माणसाचे काम किती घेईल हे पुढे दिसेलच. पण त्या भीतीच्या जोरावर उरलेल्या माणसांना कमी मोलात आणि कमी मुदतीत बांधून घेण्याचा उद्योग आजच सुरू आहे.

अशा वेळी शासनाने काय केले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली वीस कामगारांची मर्यादा पन्नासवर नेली. म्हणजे लहान पुरवठादार, जे या साखळीत सर्वात बेलगाम, ते बाहेरच राहिले. उद्योगाच्या मुख्य कामात कंत्राटी माणूस नको, असे नवी संहिता मोठ्या आवाजात सांगते. लगेच पुढे अपवाद येतात: ते काम एरवी कंत्राटदाराकडूनच होत असेल तर चालेल, काम अचानक वाढले तर चालेल. संगणक-उद्योगात काम कंत्राटदाराकडून होत नाही असे कधी असते आणि ते ‘अचानक’ वाढत नाही असे कधी असते? मुदतबंद नोकराला एका वर्षानंतर उपदान देण्याची तरतूद चांगली आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु अकरा महिन्यांच्या कंत्राटाला ती कुठे पोहोचते? न्यायालयाचे दारही फारसे उघडे नाही. कंत्राट पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ३० ऑगस्ट २००१ रोजीच दिला आहे.

यावर उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. खारघरहून ऐरोली-घणसोलीकडे कामाला जाणाऱ्या अभियंत्याची लोकल तुर्भ्यावरून जाते. तेथील बाजार समितीत पोते पाठीवर घेणारा माथाडी कामगार आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे काम करतो. त्याचाही एकच एक मालक नाही. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला जे दिले ते या अभियंत्याला मिळालेले नाही. मालक, कामगार आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ, मालकाचीही नोंद, कामगाराचीही नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीच्या वर मालकाकडून लेव्ही, जिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस आणि औषधोपचार भागतात. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्याचे हे फळ. १९८१ मध्ये याच धर्तीवर खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. म्हणजे संगणक-कंपनीच्या फाटकावरील रक्षकाला मंडळाचे संरक्षण मिळू शकते. आत बसलेल्या पदवीधराला नाही.

माथाडी मंडळांत गैरप्रकार शिरले, बोगस टोळ्यांनी खंडणी वसूल केली, हे आक्षेप खोटे नाहीत. पण पतपेढीत अफरातफर झाली म्हणून पुन्हा सावकाराकडे जा, असे कोणी सांगत नाही. अभियंत्यांना टोळीसारखे पाळीपाळीने कामावर धाडता येणार नाही, हेही खरे. एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या जागी चालत नाही. तशी मागणी नाहीच. मागणी आहे ती पुरवठादारांच्या सक्तीच्या नोंदणीची, ग्राहकाने मोजलेला दर करारात लिहिण्याची, वेतन ठरल्या तारखेला मंडळामार्फत देण्याची आणि लेव्हीतून निधी व उपदानाबरोबरच दोन कंत्राटांमधल्या रिकाम्या महिन्यांसाठी निर्वाहभत्त्याची.

‘असे केले तर उद्योग दुसऱ्या राज्यात पळून जाईल’, ही धमकी येणारच. ती देणाऱ्यांना नवी मुंबईचा इतिहास आठवण करून द्यावा लागेल. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांना पाच जण बळी पडले. साडेबारा टक्क्यांची योजना त्या रक्तातून आली. अशा भूमीवर उभ्या राहिलेल्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानांना राज्याच्या धोरणांनी वाढीव चटईक्षेत्र दिले, मुद्रांक शुल्कात आणि वीज शुल्कात सूट दिली. आग्री-कोळ्यांच्या जमिनीवर आणि करदात्यांच्या पैशावर बहरलेला उद्योग इतका खासगी कसा, की त्याच्या हजेरीपटाला समाजाने हातही लावू नये?

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. विधिमंडळाला वाट मोकळी आहे. कायदा होण्यास वेळ लागेल, पण एक गोष्ट उद्याच करता येईल. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्याकडे किती माणसे कंत्राटावर आहेत, ती कोणकोणत्या पुरवठादारांमार्फत आली आणि किती मुदतीची आहेत, याची यादी दर तिमाहीस कामगार आयुक्तांकडे दाखल करावी, अशी अट राज्याच्या धोरणात घालावी. चटईक्षेत्राची फाईल ज्या मंत्रालयात मंजूर होते, त्याच मंत्रालयातून ही यादी मागता येईल.