उशिरा आलेले पदक, न मिळालेले कर्ज

अमेरिकेचे निवृत्त कर्नल पॅरिस डेव्हिस यांना ३ मार्च २०२३ रोजी अध्यक्ष बायडेन यांच्या हस्ते ‘मेडल ऑफ ऑनर’ हे त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक प्रदान करण्यात आले. डेव्हिस तेव्हा ८३ वर्षांचे होते. पराक्रम मात्र जून १९६५ मधला. व्हिएतनाममधील बाँग सॉन येथे सुमारे १९ तास चाललेल्या लढाईत या कृष्णवर्णीय कॅप्टनने स्वतः जखमी असूनही माघार नाकारली आणि जखमी सहकाऱ्यांना सुरक्षित जागी आणले. वरिष्ठांनी पदकासाठी शिफारस केली. ते कागद गहाळ झाले. १९६९ मध्ये नव्याने शिफारस करण्याचा आदेश निघाला. तेही कागद गहाळ झाले. अखेर जुन्या सहकाऱ्यांच्या चिकाटीला यश आले.

कचेरीत कागद हरवणे ही जगात कोठेही नवलाची गोष्ट नव्हे. पण कोणाचे कागद हरवतात, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकनांनी सैन्यात सेवा केली. त्या युद्धाबद्दल चारशेहून अधिक सर्वोच्च पदके दिली गेली. त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. लष्करानेच करविलेल्या अभ्यासानंतर १९९७ मध्ये सात जणांना हा मान मिळाला. त्यांपैकी हयात होते ते एकटे व्हर्नन बेकर.

तथापि पदकाची थकबाकी ही या हिशेबातील लहान रक्कम होय. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण व घर यांसाठी साहाय्य देणारा कायदा अमेरिकेने १९४४ मध्ये केला. तेथील आधुनिक मध्यमवर्ग उभा राहण्यात त्याचा वाटा मोठा आहे. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण कर्जाला सरकारची हमी असली तरी ते द्यावयाचे की नाही, हे स्थानिक बँका ठरवीत. मिसिसिपी राज्यातील १३ शहरांच्या १९४७ मधील पाहणीत अशा ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळालेली कर्जे अवघी दोन होती!

येथेच सन्मान आणि न्याय यांतील अंतर उघड होते. पदक अठ्ठावन्न वर्षांनी दिले तरी ते पदकच राहते. पण १९४७ मध्ये न मिळालेले घर पुढील पिढीचे शिक्षण, तारण आणि वारसा हे सारेच हिरावून नेते. त्या तोट्यावर चक्रवाढ चढत जाते. अशा सैनिकांच्या वारसांना घरकर्ज व शिक्षणाच्या सवलती देणारे विधेयक २०२१ मध्ये काँग्रेसपुढे आले. ते त्या काँग्रेसच्या मुदतीत संमत झाले नाही.

डेव्हिस यांनी १९८५ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर पुढे सुमारे तीन दशके व्हर्जिनियात वृत्तपत्र चालविले. पदकावाचूनही ते आयुष्य कृतार्थच होते. त्या पदकाने त्यांची थोरवी वाढली असे म्हणण्यापेक्षा, राष्ट्राने आपल्या खतावणीतील एक चूक दुरुस्त केली, असे म्हणणे अधिक योग्य. त्या खतावणीची बाकीची पाने अजून तपासावयाची आहेत.