माठातले पाणी आणि अंगावरचा घाम

उन्हाळा आला की घरोघरी माठ निघतो. माठ पाणी गार करतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण कसे करतो, हे मुलांनी विचारले तर आपण बहुधा “माती थंड असते” असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर पुरेसे नाही. खरे कारण समजले तर ढग कसा बनतो हे कळते आणि कडक उन्हात माणसाचा जीव कसा वाचवावा हेही कळते. म्हणून या महिन्यात आपण पाणी आणि उष्णता यांच्या नात्याविषयी बोलू.

शाळेच्या पुस्तकात उष्णतेचे तीन मार्ग सांगितलेले असतात. तव्यावरून रोटीला उष्णता मिळते ते वहन. पातेल्यातले तळाचे गरम पाणी वर येते आणि वरचे खाली जाते ते अभिसरण. चुलीसमोर नुसते बसले तरी चेहऱ्याला धग लागते ते प्रारण. पाणी मात्र आणखी एक काम करते. वाफ होताना ते उष्णता सोबत घेऊन निघून जाते.

ही उष्णता किती असते? २० अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. तेच उकळते पाणी पूर्ण वाफ करायला आणखी ५४० लागतात, आणि तापमान मात्र १०० अंशांच्या वर जात नाही. मग ही उष्णता गेली कुठे? ती वाफेत लपून राहिली. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ही गोष्ट ओळखली. तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतो, याचे उत्तर इथेच आहे: वाफ कातडीवर पुन्हा पाणी होते आणि लपलेली उष्णता तिथेच सोडते.

वाफ व्हायला पाणी उकळावेच लागते असे नाही. माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ सावलीत आणि वाऱ्याला ठेवावा, त्याला बाहेरून तैलरंग देऊ नये. अरबी समुद्रावर हेच मोठ्या प्रमाणावर घडते. सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वर जाऊन थंड होते, तिचे ढग होतात आणि लपलेली उष्णता आकाशात मोकळी होते. पावसाळी ढग उंच चढतात ते याच बळावर.

आता आपल्या शरीराकडे येऊ. हवा ३७ अंशांहून गरम झाली की वहन, अभिसरण आणि प्रारण तिन्ही उलटे फिरतात. बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. तेव्हा एकच दार उघडे असते, घाम वाळण्याचे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. उलट एक लिटर बर्फाचे पाणी प्यायलो तर ते शरीराइतके गरम होताना फक्त ३७ घेते. म्हणजे पाणी पिण्याचा मोठा फायदा त्याच्या थंडपणात नाही. घाम येत राहावा यासाठी ते प्यायचे.

कोकणात आणि मुंबईत हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून तिथे ३६ अंशही मराठवाड्याच्या ४० अंशांइतके त्रासाचे ठरू शकतात. कूलरही तिथे फारसा उपयोगी पडत नाही. कोरड्या हवेत धोका वेगळा आहे: घाम लगेच उडतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळतच नाही. २०२४ च्या जूनमध्ये, हजच्या दिवसांत, मक्केत तापमान ५१.८ अंशांवर गेले. त्या हजमध्ये १,३०१ जण मरण पावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले बहुतेक परवान्याविना गेलेले, निवाऱ्याशिवाय उन्हात लांब चाललेले होते. हजला किंवा उमराहला निघालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना छत्री, सावली आणि तहान लागण्याआधी घोटघोट पाणी, या तीन गोष्टी अवश्य समजावून सांगा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरातही लक्ष असू द्या. दुपारी बंद स्वयंपाकघरात, शेगडीच्या धगीत आणि वाफेत उभ्या असलेल्या आपल्या बायकांना हाच त्रास होतो. खिडकी उघडी ठेवा, जड स्वयंपाक सकाळीच उरका.

कोणी उन्हाने कोसळले, बरळू लागले, अंग तापले, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडा आणि जोराने वारा घाला. नुसते पाणी किंवा नुसता वारा पुरत नाही, दोन्ही एकत्र हवेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. माठ गार होतो त्याच नियमाने त्या माणसाचे अंग गार होईल.