विद्यार्थ्यांची ग्रामसेवा आणि खारेपाटातील तरुण

पेण तालुक्यातील गडब हे गाव मुंबई–गोवा महामार्गालगत वसलेले आहे. एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस धरमतर खाडीकडे पसरत गेलेली खारजमीन, अशी या भागाची ठेवण आहे. ही जमीन भरतीच्या पाण्यापासून राखली जाते ती मातीच्या बांधाने, आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले जाते ते उघाडीतून. बांध शाबूत असेल तर भात, बांधास खांड गेली तर मीठ, असा येथील शेतीचा सरळ हिशेब आहे. एकदा खारे पाणी आत शिरले म्हणजे त्या हंगामाचे पीक जातेच; शिवाय मातीत मुरलेले मीठ धुऊन निघण्यास पुढील पावसाळ्यांची वाट पाहावी लागते. खांड दीर्घकाळ तशीच राहिली तर शेतात तिवरे उगवतात. आणि कांदळवनास कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ती जमीन पुन्हा नांगराखाली आणणे दुरापास्त होते.

अशा गावाच्या आसपास विद्येची साधने कमी नाहीत. पेण येथे भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, रोहे येथे डॉ. सी. डी. देशमुख यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. किल्ला-रोहा येथे कृषी विज्ञान केंद्र, कर्जत येथे भाताचे संशोधन केंद्र आणि पनवेल येथे खारजमिनीचे संशोधन केंद्र आहे. विद्यार्थी सेवेसाठी खेड्यात येतात, हीही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. विचार करावयाचा तो इतकाच की, ते येतात आणि जातात, परंतु त्यांच्या येण्याने गावाच्या मूळ दुखण्यावर काही इलाज होतो काय?

दोन सुपुत्रांचा वारसा

या प्रश्नाचा विचार रायगड जिल्ह्यात व्हावा हे विशेष उचित आहे. श्रमाची प्रतिष्ठा ज्यांनी देशास शिकविली, ते विनोबा भावे याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मले. विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेची पहिली तपशीलवार योजना ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाली, ते चिंतामणराव देशमुख महाडजवळील नाते या गावचे. १९५९ साली देशमुख समितीने अशी शिफारस केली की, माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास राष्ट्रसेवा सक्तीची असावी. खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती योजना प्रत्यक्षात आली नाही. पुढे प्रा. सैय्यदैन यांनी अन्य देशांतील अनुभव अभ्यासून सेवा ऐच्छिक असावी असे सुचविले. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. त्याखेरीज दत्तक गावी सात दिवसांचे विशेष शिबिर असते. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९९२ च्या रंधावा समितीच्या शिफारशीपासून ग्रामीण कृषी कार्यानुभव हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला जातो, आणि त्यासाठी विद्यार्थी खेड्यात मुक्कामास राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर समाजाशी संबंध ठेवून केलेल्या कामास पदवीच्या गुणांकनात स्थान दिले आहे. तात्पर्य, माणसे आहेत, तास आहेत, नियमही आहेत. उणीव आहे ती कामाच्या निवडीची.

काम गावाने निवडावे

शिबिरातील नेहमीची कामे सर्वांच्या परिचयाची आहेत : रस्त्यांची झाडलोट, प्रभातफेरी, पथनाट्य, वृक्षारोपण. ही कामे त्याज्य आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु हिवाळ्यात लावलेल्या रोपास उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, याची तजवीज नसेल तर तो सोहळा ठरतो, सेवा ठरत नाही. खारेपाटात तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते. तेव्हा कोणते काम हाती घ्यावे हे महाविद्यालयाने आधी ठरवून येण्याऐवजी ग्रामसभेने सांगावे, हा क्रम योग्य होय. ज्याचे शेत बांधाच्या कुशीत आहे, त्याला कोणत्या जागी पाणी पाझरते हे ठाऊक असते. ज्ञानाचा पहिला धडा विद्यार्थ्याने तेथे घ्यावा.

गडबसारख्या गावी तीन कामे विद्यार्थ्यांच्या शक्तीस आणि शिक्षणास साजेशी आहेत.

पहिले, बांधाची नोंद. बांधाची सगळी लांबी पायी चालून खेकड्यांनी पाडलेली बिळे, खचलेला माथा, पाझराच्या जागा आणि उघाडीच्या झडपांची स्थिती नकाशावर टिपावी. भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्यास हे काम सहज जमते. मोठ्या खांडीची सुरुवात बहुधा लहान बिळातून होते. ते बीळ वेळीच दिसले तर चार पाट्या मातीत काम भागते. अशी नोंद दरवर्षी भात निघाल्यावर झाली तर उधाणाच्या आधी दुरुस्तीस पुरेसा अवधी मिळतो, आणि संबंधित कार्यालयाकडे अर्ज करताना गावाच्या हाती पुरावा राहतो.

दुसरे, मिठाचे मापन. जमीन खारट झाली हे शेतकरी पांढऱ्या थरावरून ओळखतो. परंतु किती खारट झाली हे मापनानेच कळते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असेल तर ती जमीन क्षारयुक्त समजली जाते. भाताचे उत्पन्न तर सुमारे ३ पासूनच घटू लागते. उन्हाळ्यात जमीन तापली म्हणजे खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि पाणी उडून जाऊन मीठ पृष्ठभागावर उरते. पावसाळ्यात तेच मीठ धुऊन खाली व बाहेर जाते. म्हणून एकाच शेतातील त्याच जागेचा नमुना मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये घेतला पाहिजे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे कोणत्या शेतातून निचरा नीट होत नाही हे शेतकऱ्यास उमगते.

तिसरे, बियाण्याचा पडताळा. पनवेल येथील केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ ही त्यांची नावे आहेत. मोड आलेले बी फेकून रहू पद्धतीने केलेली पेरणी आणि रोपांची लावणी यांची तुलना एकाच शेतात, समान तुकड्यांवर करावी. कार्यानुभवासाठी आलेला कृषी विद्यार्थी पेरणीपासून पीक उभे राहीपर्यंत गावात असेल तर त्याच्या वहीतील नोंद शेतकऱ्याच्या पुढील वर्षाच्या निर्णयास उपयोगी पडेल.

जोडीदार गावचाच हवा

तथापि या साऱ्याचा कळीचा मुद्दा वेगळाच आहे. विद्यार्थी सात दिवसांनी किंवा काही महिन्यांनी परत जातो. बांध मात्र तेथेच असतो. त्याची काळजी वाहणारा तरुण गावात तयार झाला नाही तर वह्या महाविद्यालयाच्या कपाटात जातील आणि बिळे बांधात राहतील. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास गावचा एक तरुण किंवा तरुणी जोडीदार म्हणून द्यावी. जोडीदार शिकलेला असो वा अर्ध्यावर शाळा सोडलेला, मापन त्यानेही करावे, नकाशा त्यानेही वाचावा, आणि कामाचे प्रमाणपत्र विद्यार्थ्याबरोबर त्यालाही मिळावे. सेवा करणारा बाहेरचा आणि सेवा घेणारा गावचा, अशी विभागणी राहिली तर गावास ओशाळेपणा येतो आणि विद्यार्थ्यास अकारण मोठेपणा.

हे नवे आहे असेही नाही. खारेपाटात बांध राखण्यासाठी ‘जोळ’ पद्धत होती. शेतकरी एकत्र येऊन आपापल्या वाट्याचे श्रम घालीत आणि बांध उभा ठेवीत. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने शासन या कामात उतरले आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ती जबाबदारी अधिक विस्तारली. मोठे बांध आणि उघाड्या बांधण्यास शासनाचे बळ आवश्यकच होते. परंतु बांध सरकारचा झाला म्हणजे त्याकडे पाहणारे गावचे डोळेही मिटावेत, हे हितावह नव्हे. गडबच्या शेजारी डोलवीस पोलादाचा मोठा कारखाना आहे. या भागातील तरुणांची पावले नोकरीकडे वळतात, यात त्यांचा दोष नाही. मात्र पाळी संपवून घरी आलेल्या तरुणास आपल्या आजोबांचा बांध कोठे पाझरतो हे ठाऊक नसावे, ही हानी पैशात मोजता येणार नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमाने मजुरांची मजुरी बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणून मातीकामाचे मोठे प्रमाण मजुरी देऊन वा शासकीय योजनेतूनच व्हावे. विद्यार्थ्यांनी पाहणी, मापन, नोंद आणि प्रचार ही कामे करावीत आणि श्रमदान करावे ते शिकण्यापुरते. दुसरा आक्षेप असा की, शहरातून आलेल्या मुलांस शेतीतले काय कळते? कळत नाही, म्हणूनच त्यांनी यावे. परंतु उपदेशक म्हणून न येता उमेदवार म्हणून यावे. तिसरा आक्षेप सातत्याचा आहे. दरवर्षी नवे गाव दत्तक घेतल्यास कोणत्याच गावाचे काम पुरे होत नाही. एका महाविद्यालयाने एकाच गावाशी किमान पाच वर्षे संबंध ठेवावा, आणि मागील तुकडीची वही पुढील तुकडीच्या हाती द्यावी.

गावपातळीवरील सेवकांनी यात दुव्याचे काम करावे. भात कापणीनंतरच्या ग्रामसभेत कामाची यादी करून घ्यावी, ती महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यास लेखी कळवावी, जोडीदार तरुणांची नावे आधी नोंदवावीत, आणि प्रत्येक नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवून घ्यावी. शिबिराचा समारोप सत्काराने न करता ती वही ग्रामसभेत वाचून करावा. शेतकरी बंधूंनी विद्यार्थ्यास पाहुणा न मानता बांधावर सोबत न्यावे, बीळ कसे बुजवावे आणि उघाडीची झडप केव्हा उघडावी हे दाखवावे.

शिक्षण घेतलेला हात आणि मातीत वाढलेला हात एका टोपलीस लागले तर टोपली हलकी होते. खारेपाटातील बांधास आज अशा दोन्ही हातांची निकड आहे. आणि उधाण कोणाच्याही सोयीसाठी थांबत नाही, हे ध्यानात ठेवून येत्या हिवाळ्यापासूनच या कामास आरंभ व्हावा.