प्रयोगशाळेतील पशुवैद्याची उमेदवारी

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली जो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला, त्याने वैज्ञानिक प्रयोगांना मुभा ठेवली खरी. परंतु ती ठेवताना, प्रयोग दक्षतेने व भूतदयेने व्हावेत, प्राण्याला पुरेशा सामर्थ्याची भूल दिली जावी, आणि शुद्धीवर आल्यास ज्याच्या वाट्याला घोर यातना येतील अशा प्राण्याला बेशुद्धावस्थेतच मरण दिले जावे, ही अपेक्षाही त्यात नमूद करून ठेवली. पुढे १९९८ च्या नियमांनी व त्यांतील दुरुस्त्यांनी संस्थांच्या नीतिसमित्यांना कायदेशीर स्वरूप दिले आणि तेथे पशुवैद्याची नेमणूक आवश्यक केली. भूल पुरेशी आहे की नाही आणि यातना घोर आहेत की नाहीत, हे ठरविण्याचा भार ज्याच्यावर येऊन पडतो, त्या पशुवैद्याने ही विद्या कोठे आणि कोणाच्या हाताखाली शिकावी, याची समाधानकारक तजवीज मात्र आपण कायद्याला साठ वर्षे उलटून गेल्यावरही केलेली नाही.

आपल्या पशुवैद्यकाच्या पदवीचा सारा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांवर असतो, आणि कृषिप्रधान देशात तो तसा असणे सर्वथैव योग्य आहे. पण ज्याने म्हशीची प्रसूती निर्धास्तपणे केली, त्याच पदवीधरासमोर पंचवीस ग्रॅम वजनाचा उंदीर ठेवला, म्हणजे त्याच्या पूर्वानुभवाचा आधार बहुतांशी सुटतो. त्या जिवाच्या अंगात रक्त असते ते दोन मिलिलिटरच्या आतबाहेर. भूल दिल्यावर त्याचे शरीर इतक्या झपाट्याने थंड पडते की शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही केवळ उबेच्या अभावी तो दगावू शकतो. आणि निसर्गात तो इतरांचे भक्ष्य असल्यामुळे वेदना लपविणे हाच त्याचा स्वभावधर्म आहे. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली असे दाखविले की मिटत आलेले डोळे, फुगलेले नाक व गाल, कानांची बदललेली ठेवण आणि मिशांचा ताठा यांवरून उंदराची वेदना मोजता येते. हे निकष कागदावर अर्ध्या तासात वाचून होतात. परंतु पिंजऱ्यांच्या रांगेसमोरून जाताना त्यांतला एकच पिंजरा नजरेस खटकावा, ही दृष्टी जाणत्या गुरूच्या सहवासात काढलेल्या दीर्घ काळाशिवाय येत नाही.

अमेरिकेत हे ओळखले गेले ते कायद्याच्याही आधी. शिकागो परिसरातील पशुवैद्य १९५० साली या प्रश्नावर एकत्र आले. १९५७ मध्ये या शाखेतील तज्ज्ञांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणित करणारे मंडळ निघाले. आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीचा तेथील केंद्रीय कायदा त्यानंतर, १९६६ साली, संमत झाला. आज तेथे पदवी घेतलेला पशुवैद्य दोन-तीन वर्षे निवासी म्हणून राबतो, रोज प्राणिगृहाची फेरी करतो, मेलेल्या प्राण्याचे शवविच्छेदन करून कारण शोधतो, संशोधकांचे प्रस्ताव वाचतो, स्वतः संशोधन करून ते प्रसिद्ध करतो, आणि मगच परीक्षेला बसतो. युरोपातही २००० सालापासून असे मंडळ कार्यरत आहे.

या दीर्घ उमेदवारीतून कौशल्याबरोबर जो अधिकार प्राप्त होतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्या नावावर मोठे अनुदान आहे आणि ज्याचा शब्द संस्थेत प्रमाण मानला जातो, अशा ज्येष्ठ शास्त्रज्ञाला, हा प्राणी आता ठरलेल्या मर्यादेपलीकडे सोसतो आहे, प्रयोग येथेच थांबवा, असे सांगण्याचा प्रसंग पशुवैद्यावर केव्हा ना केव्हा येतो. त्या क्षणी नेमणुकीचा हुकूम फारसा कामी येत नाही. आपले निदान बरोबर आहे ही ज्ञानातून आलेली खात्री, आणि वेदना कमी करूनही विज्ञानाचा हेतू कसा साधता येईल हे दाखविण्याची तयारी, हीच कामी येते. ज्याला हे शिकविलेच गेले नाही, त्याने सही करून मोकळे व्हावे यात नवल कसले, आणि त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

यात माणसांचे हितही गुंतलेले आहे. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन लसीची परीक्षा वीस ऱ्हीसस माकडांवर झाली. या जातीच्या माकडांत बी नावाचा एक विषाणू आढळतो. माकडाला त्याने तोंडात एखादा फोड येतो, पण चावलेल्या माणसाचा मेंदू सुजून तो प्राणास मुकू शकतो. माकडाला क्षय आहे काय हे पापणीत सुई टोचून पाहावे लागते. उंदरांच्या वसाहतीत यकृतदाहाचा विषाणू मूकपणे पसरला, तर त्यांची प्रतिकारशक्ती बदलते आणि महिनोन्‌महिन्यांचे निष्कर्ष निरर्थक ठरतात, म्हणजे ते जीव व्यर्थच गेले.

प्राण्यांवरचे प्रयोगच बंद करावेत, मग हा खटाटोप कशाला, असे काही सहृदय वाचक म्हणतील. २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांवाचूनच्या पद्धतींना वाट मोकळी झाली, याचा मलाही मनःपूर्वक आनंद आहे. पण पिंजरे रिकामे होईपर्यंत त्यांत जे जीव आहेत त्यांना आज वैद्य हवा. शिवाय कोणता प्राणी वाचविता येईल हे संशोधकाला त्याच्याच परिभाषेत पटवून देणारा मनुष्यही हाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत या विषयाचे अल्प मुदतीचे वर्ग चालतात आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण काही आठवड्यांत तंत्र शिकविता येते, विवेक मुरविता येत नाही. महाराष्ट्राला तर याबाबत सबब सांगण्यास जागाच नाही. १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि हाफकिन संस्था एकाच परळात आहेत; खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधनशाळा आहे; पुण्यात विषाणुविज्ञान संस्था आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने या संस्थांशी करार करून प्रतिवर्षी चार-सहा पदवीधरांना तीन वर्षांसाठी आळीपाळीने तेथे ठेवावे, वैद्यकीय निवासी डॉक्टरांच्या तोडीचे विद्यावेतन द्यावे, आणि त्याचा काही भार आपल्या लस व औषध कारखानदारांनी उचलावा. पशुवैद्यक परिषदेने या शिक्षणाला मान्यता दिल्यानंतर, मोठ्या प्राणिगृहावर असा शिकलेला वैद्य असल्याखेरीज त्याच्या नोंदणीचे नूतनीकरण होऊ नये, असा नियम करण्यास प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला कोणती अडचण आहे?